जरा सगळे बाहेर पडा

धानखरेदीचा हंगाम चालू आहे असं समजा. डहाणू किंवा तलासरी तालुक्यातली एखादी आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था डोळ्यांपुढे आणा. कोसबाडच्या टेकडीखालच्या पाड्यांवरून टेम्पोने भात आलं आहे, अंगणात काटा लागला आहे, बारदानाचे गठ्ठे भिंतीला टेकवून ठेवलेत. आत तीन संगणक चालू आहेत. एकावर वजन आणि पोती, दुसऱ्यावर सभासदाचं कर्जखातं, तिसऱ्यावर पावत्या. तिघंही एकाच फाइलमध्ये लिहितात आणि ती फाइल सचिवांच्या टेबलाखालच्या चौथ्या संगणकात, सगळ्यांना दिसणाऱ्या एका फोल्डरमध्ये आहे. सरकारी पोर्टलवरची नोंद वेगळी. हा संस्थेचा घरचा हिशेब. त्याचा प्रोग्रॅम कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी फॉक्सप्रोत किंवा अ‍ॅक्सेसमध्ये लिहून दिला, आणि तो लिहिणारा आता फोन उचलत नाही. हल्ली एक पावती उघडायला मिनिट लागतं. म्हणून पालघरहून दुरुस्तीवाला आला आहे. आल्या आल्या तो म्हणतो, “जरा सगळे प्रोग्रॅममधून बाहेर पडा.”

पावत्यांच्या टेबलावरून उत्तर येतं, “थांबा हो भाऊ, एवढी पावती फाडून घेते.”

या प्रकरणाचा विषय हाच आहे. दुरुस्तीवाल्याला फाइल पूर्ण मोकळी हवी असते आणि त्या ताईंना हातातली नोंद पुरी करायची असते. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. जुन्या प्रोग्रॅमांचे बहुतेक अपघात या दोन रास्त मागण्यांचा मेळ न घातल्यामुळे होतात.

फाइल मोकळी का लागते, ते आधी पाहू. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल आतून अगदी साधी असते. प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची, एकीला लागून दुसरी. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एका अक्षराची जागा राखलेली असते. नोंद चालू असेल तर ती जागा कोरी, खोडलेली असेल तर तिथे एक तारा, म्हणजे ‘*’. कुणी पावती रद्द केली की प्रोग्रॅम एवढा तारा उमटवतो. बाकी सगळी पावती, नाव, वजन, रक्कम, होती तशीच जागेवर राहते. वर्षानुवर्षं रद्द झालेल्या, चुकून दोनदा पडलेल्या, हंगामानंतर काढून टाकलेल्या नोंदी या ताऱ्याखाली साचतात. पडद्यावर त्या दिसत नाहीत, पण फाइल त्यांचं ओझं वाहत असते आणि शोधताना प्रोग्रॅम त्यांच्यावरूनच जातो. त्या खरोखर काढायच्या तर ‘पॅक’ हा हुकूम द्यावा लागतो. पॅक म्हणजे ताऱ्याच्या नोंदी वगळून उरलेल्यांची नवी फाइल लिहिणं, जुनी टाकून नवी तिच्या जागी बसवणं आणि नोंदी शोधण्यासाठीची सूची (इंडेक्स) पुन्हा बांधणं. हे चालू असताना दुसऱ्या टेबलावरून कुणी जुन्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, तर ती ओळ जाणार कुठे? म्हणून फॉक्सप्रो फाइल एकट्याच्या ताब्यात असल्याशिवाय पॅक करू देत नाही. दुसरा कुणी आत असेल तर फाइल वापरात असल्याचा निरोप दाखवून थांबतो.

अ‍ॅक्सेसची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, पण सार तेच. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेस १९९२ साली आणलं, आणि त्याच वर्षी फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनीही विकत घेतली. अ‍ॅक्सेसमध्ये तक्ते, सूची, पडदे, अहवाल असं सगळं एकाच फाइलमध्ये राहू शकतं. २०००च्या आवृत्तीपासून ही फाइल चार-चार किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते. खोडलेल्या मजकुराची पानं आपोआप परत मिळत नाहीत, त्यामुळे फाइल फुगत जाते. वरची मर्यादा २ जीबी. १९९७च्या आवृत्तीत ती १ जीबीच होती. फुगलेली फाइल आटवायची तर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावं लागतं. तेही नवी फाइल लिहून जुन्या जागी बसवण्याचंच काम आहे, आणि तेही एकट्यानेच करावं लागतं. तक्त्यात नवा रकाना घालायचा, उदाहरणार्थ सभासदाचा मोबाइल क्रमांक, तरी त्या वेळी तक्ता दुसऱ्या कुणाच्या हातात असून चालत नाही.

डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल आली एप्रिल २०१३मध्ये. तेव्हापासून इथल्या माणसाला रविवारचा जम्बो ब्लॉक काय असतो ते चांगलं ठाऊक आहे. रूळ बदलायचे तर गाड्या थांबवाव्या लागतात, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डेटाबेसची दुरुस्ती म्हणजे असाच ब्लॉक. फरक एका जागी आहे आणि तिथेच सगळी अडचण आहे. रेल्वेत नियंत्रण कक्षाला कोणती गाडी कुठे आहे हे माहीत असतं. सामायिक फाइलवर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला नियंत्रण कक्षच नसतो.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आजच्या मोठ्या डेटाबेसमध्ये मधे एक सर्व्हर प्रोग्रॅम बसलेला असतो. प्रत्येकाने त्याला मागायचं, लिहिणार तोच. जुन्या अ‍ॅक्सेसमध्ये किंवा फॉक्सप्रोत मधे कुणी नाही. सचिवांच्या टेबलाखालचा संगणक फक्त फाइल सांभाळतो. तिच्यात काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. वाचणं, लिहिणं, सूची जुळवणं हे सगळं त्या-त्या टेबलावरच्या संगणकातला प्रोग्रॅम स्वतः करतो, नेटवर्कच्या तारेवरून पानं आणून आणि परत ठेवून. एकमेकांवर आदळू नये म्हणून या प्रोग्रॅमांनी आपसात एक खुणेची वही ठेवलेली असते. अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलशेजारी त्याच नावाची एक छोटी एलडीबी फाइल उगवते, तीच ही वही. २००७पासूनच्या आवृत्त्यांत तिचं शेपूट बदललं, काम तेच राहिलं. पहिला माणूस आत आला की ती तयार होते आणि शेवटचा बाहेर पडला की पुसली जाते.

ही एलडीबी नोटपॅडमध्ये उघडून पाहा. आत प्रत्येक येणाऱ्यासाठी ६४ बाइटची जागा असते. पहिल्या ३२मध्ये संगणकाचं नाव, पुढच्या ३२मध्ये वापरणाऱ्याचं. एका वेळी जास्तीत जास्त २५५ जण. वेगळी सुरक्षाव्यवस्था कुणी उभारली नसेल तर वापरणाऱ्याच्या जागी प्रत्येक ओळीत ‘अ‍ॅडमिन’ हेच नाव दिसतं, म्हणजे माणूस ओळखण्यासाठी त्या नावाचा काही उपयोग नाही. राहतं संगणकाचं नाव, आणि तेही विक्रेत्याने बसवताना दिलेलं आकडे-अक्षरांचं कडबोळं असेल तर कळणार काय? संगणकांना ‘पावती’, ‘काटा’, ‘कर्ज’ अशी सरळ नावं द्यावीत, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी. आणखी एक मेख आहे. माणूस बाहेर पडला तरी त्याची ओळ लगेच पुसली जात नाही. दुसरा कुणी येऊन त्या जागी बसेपर्यंत जुनं नाव तसंच दिसत राहतं. त्यामुळे नुसती नावं वाचून ‘अमुक अजून आत आहे’ असं म्हणता येत नाही. खरी खूण असते त्या जागेवर लागलेलं कुलूप. ते नोटपॅडला दिसत नाही, पण अ‍ॅक्सेसच्या इंजिनला विचारलं तर ते सांगतं. आणि सगळे निघून गेल्यावरही एलडीबी तशीच पडून असेल, तर एक तर फोल्डरमध्ये फाइल पुसायची परवानगी नाही, किंवा कुणीतरी नीट बाहेर पडलेलं नाही. दुसरं असेल तर दुरुस्तीआधी फाइलची प्रत काढल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

घाईत केले जाणारे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. नेटवर्कची वायर ओढायची. सचिवांचा संगणक रिस्टार्ट करायचा. थोडी जाण असलेला माणूस विंडोजच्या कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये जातो, शेअर्ड फोल्डर्सखालची ओपन फाइल्सची यादी काढतो आणि एकेक ओळ बंद करतो. ही यादी बघायला उत्तम आहे, फाइल कुणाकडे उघडी आहे ते तिथे दिसतं. तिथून बंद करणं मात्र धोक्याचं. कारण पडद्यावर एक वाटणारी नोंद फाइलमध्ये एका ठिकाणी जात नाही. पावती तक्त्याच्या एका पानावर जाते, तिचा क्रमांक सूचीच्या दुसऱ्या पानावर, साठा तिसऱ्या तक्त्यात वाढतो, सभासदाच्या खात्यावर रक्कम चौथ्यात जमा होते. वायर ओढली गेली तेव्हा यातली दोन लिहून झाली असतील आणि दोन राहिली असतील. मग भात गोदामात जमा आहे पण शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे नाहीत, किंवा सूची ज्या नोंदीकडे बोट दाखवते ती नोंदच तिथे नाही. पावसाळ्यात लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी संपलेली असली की हेच होतं. तो निसर्गाचा फटका. पण कोरड्या दिवसात, दुरुस्तीच्या नावाखाली, आपणच लाइट घालवण्यासारखं काही करणं मला मुळीच पटत नाही.

अर्धवट व्यवहार उरू द्यायचा नाही, एक तर तो पूर्ण व्हावा किंवा झालाच नाही असं व्हावं, ही कल्पना संगणकशास्त्रात काटेकोरपणे बांधणाऱ्यांत जिम ग्रे यांचं नाव अग्रभागी आहे. या कामासाठी त्यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांचं ऋण आजच्या मोठ्या डेटाबेसच्या साध्या हुकुमांतही दिसतं. ओरॅकल बंद करायच्या चार तऱ्हा आहेत. ‘नॉर्मल’ म्हटलं तर नव्यांना दार बंद, आतले आपापल्या वेळी निघेपर्यंत थांबायचं. एक जण रात्रभर बसून राहिला तर रात्रभर. ‘ट्रान्झॅक्शनल’ म्हटलं तर चालू व्यवहार पुरा होऊ द्यायचा आणि मग त्या माणसाला बाहेर काढायचं. ‘इमीजिएट’ म्हटलं तर अर्धवट व्यवहार उलटे फिरवून सगळ्यांना लगेच बाहेर. आणि ‘अबॉर्ट’ म्हणजे वायर ओढणंच, फरक इतकाच की पुढच्या वेळी सुरू होताना ओरॅकल आपल्या रोजनाम्यातून अर्धवट राहिलेलं निस्तरतं. एसक्यूएल सर्व्हरमध्येही डेटाबेस एकट्याच्या ताब्यात घेताना किती सेकंदांनी उरलेले व्यवहार परत फिरवायचे ते सांगता येतं. ही सोय मधे बसलेल्या सर्व्हरमुळे मिळते. नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो, क्लिपर ज्यावर चालायचे त्या नॉव्हेल नेटवेअरमध्येसुद्धा निदान फाइल सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या पडद्यावरून नवे लॉगिन बंद करता यायचे, सगळ्यांना निरोप धाडता यायचा, आणि शेवटचा उपाय म्हणून एखाद्या टेबलाचा संबंध तोडता यायचा. तिथलाही शेवटचा हुकूम चालू नोंदीला तितकाच घातक होता.

आपल्या संस्थेत सर्व्हर नाही. मग ही शिस्त प्रोग्रॅमलाच शिकवावी लागते, आणि ती शिकवता येते. अ‍ॅक्सेससाठी चांगली रुळलेली रीत अशी. प्रोग्रॅम उघडला की एक पडदा अदृश्य रूपात उघडायचा आणि त्याला घड्याळ लावायचं. दर मिनिटाला त्याने फाइलमधल्या एका छोट्या तक्त्यातली एक खूण पाहायची. दुरुस्तीची वेळ आली की दुरुस्तीवाला ती खूण बदलतो. पुढच्या मिनिटाला प्रत्येक टेबलावर निरोप झळकतो: दुरुस्ती आहे, दहा मिनिटांत बाहेर पडा. दहा मिनिटांनंतर प्रोग्रॅम स्वतःहून नोंद जपून ठेवतो आणि बंद होतो. नव्याने उघडणाऱ्यालाही आधी हीच खूण दिसते, म्हणून तो दारातूनच परत जातो. अ‍ॅक्सेस २०००बरोबर आलेल्या जेट ४ या इंजिनात नव्यांना मज्जाव करण्याची वेगळी सोयही आहे. ती लावली की आतल्यांचं काम चालू राहतं, पण बाहेर पडलेल्याला परत आत येता येत नाही. क्रम मात्र मोडायचा नाही. आधी दार बंद करायचं, मग हाक मारायची. उलटं केलं तर एक जण बाहेर पडतो तोवर चहा घेऊन आलेला दुसरा आत शिरतो आणि दुपार निघून जाते.

या रीतीतले खड्डे फार बारीक आहेत. पहिला खड्डा निरोपाच्या चौकटीचा. ‘ठीक आहे’ दाबेपर्यंत अडून बसणारी साधी चौकट दाखवली आणि ताई जेवायला उठून गेल्या असल्या, तर तो प्रोग्रॅम त्या चौकटीपाशीच खिळून राहतो. पुढे बंद व्हायचं हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे ज्या रिकाम्या खुर्चीसाठी ही सगळी यंत्रणा उभारली, तिथेच ती लंगडी पडते. म्हणून निरोप वेगळ्या पडद्यावर द्यायचा, जो आपला आपण नाहीसा होऊ शकेल.

दुसरा खड्डा जास्त वाईट आहे. अ‍ॅक्सेसच्या पडद्यावर नोंद बदलली जात असताना डाव्या कडेच्या पट्टीत एक लहानशी पेन्सिल दिसते. पेन्सिल दिसते आहे तोवर ती नोंद फाइलमध्ये गेलेली नाही. आता समजा ताईंनी वजन भरलं, पण सभासद क्रमांक भरायचा राहिला आणि तो सक्तीचा आहे. त्या क्षणी प्रोग्रॅमने सरळ पडदा बंद करण्याचा हुकूम दिला, तर नोंद जपता न आल्यामुळे अ‍ॅक्सेस ती गुपचूप टाकून देतं. तक्रार नाही, इशारा नाही. काटा झाला, पोती गोदामात गेली, शेतकरी टेम्पोत बसून घरी गेला, आणि पावती कुठेच नाही. हे टाळायचं तर पडदा बंद करण्याआधी प्रोग्रॅमने नोंद जपून पाहायला हवी. जपली गेली नाही तर अर्धवट मजकूर एका वेगळ्या तक्त्यात उतरवून ठेवायला हवा, संगणकाचं नाव आणि वेळ घालून, म्हणजे परत आल्यावर ताईंना तो समोर मिळेल. यासाठी दहा-पंधरा ओळी जास्त लिहाव्या लागतात. ज्याने त्या लिहिल्या नाहीत त्याने काम पुरं केलं असं मी मानत नाही.

लोकांना बाहेर काढण्याचं काम रोज, संपूर्ण देशभर, विनातक्रार चालतं याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण रेल्वे आरक्षणाचं आहे. ‘क्रिस’ ही रेल्वेची संगणक संस्था १९८६ची. तिची आरक्षण यंत्रणा बरीच वर्षं ओपन व्हीएमएस या जुन्या, भक्कम प्रणालीवर चालत आली. आयआरसीटीसीची आरक्षणाची सेवा रात्री साधारण पावणेबारापासून बारा-वीसपर्यंत बंद असते, हे रात्री तिकीट काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलं आहे. त्या वेळेत दिवस बदलतो, आगाऊ आरक्षणाची मुदत एक दिवस पुढे सरकते, देखभाल उरकते. कोट्यवधी लोक ते मान्य करतात, कारण वेळ ठरलेली आहे, ती आधीपासून माहीत आहे आणि ती पाळली जाते. बँकांचंही तसंच. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांचे व्यवहार बंद असतात, म्हणून त्या दिवशी कुणी पासबुक घेऊन भांडायला जात नाही. उलट सातबारा काढायला तलाठ्याकडे गेलेल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच ऐकवलं जातं तेव्हा त्याचा जीव कावतो. गाडीभाडं गेलं, दिवस बुडाला, आणि परत कधी यायचं ते कुणी सांगत नाही. बंद ठेवणं त्याने समजून घेतलं असतं. वेळ न सांगण्याचा त्याला राग आहे, आणि तो राग योग्य आहे.

म्हणून छोट्या संस्थेतही दुरुस्तीची वेळ ठरवताना तांत्रिक सोय नंतर पाहावी. आठवड्याचा बाजार कधी, काटा कोणत्या दिवशी नसतो, हप्ते भरायला गर्दी कधी होते, महावितरणने त्या भागात वीज बंदची सूचना दिली आहे का, हे आधी विचारावं. खरेदीच्या हंगामात सकाळी अकराला प्रोग्रॅम बंद करणाऱ्याला भाताच्या पोत्यावर बसलेल्या माणसाची किंमत कळलेली नाही. फळ्यावर खडूने लिहावं: शनिवारी संध्याकाळी साडेपाचनंतर संगणक बंद. बंद करण्याआधी तिन्ही टेबलांपाशी स्वतः जाऊन विचारावं. घड्याळाचा अदृश्य पडदा रिकाम्या खुर्चीसाठी ठेवावा. समोर बसलेल्या माणसाशी बोलण्याचं काम त्या पडद्यावर सोपवू नये. मग फाइलची प्रत काढावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून चालते का ते पाहावं आणि त्यानंतरच पॅक किंवा कॉम्पॅक्ट चालवावं. प्रत काढली पण उघडून पाहिली नाही, ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. काम झाल्यावर खूण परत फिरवायला विसरू नये, नाहीतर सोमवारी सकाळी सगळे दाराबाहेर आणि दुरुस्तीवाला पालघरला.

या सगळ्याला आता एक मुदत आली आहे. फॉक्सप्रोला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०१५मध्ये संपला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपयांचा खर्च, नाबार्डमार्फत एक सामाईक प्रणाली, अशी ती योजना तेव्हा होती. अशा नव्या प्रणालीत शिरताना जुना प्रोग्रॅम शेवटचा एकदा थांबवावा लागतो. एक तारीख ठरते, त्या तारखेचा तेरीज मेळ जुळवला जातो आणि शिल्लक रकमा नव्या जागी नेल्या जातात. त्या तारखेनंतर एखाद्याने सवयीने जुन्या प्रोग्रॅममध्ये एक पावती जरी टाकली, तरी दोन्हीकडचा हिशेब कायमचा वेगळा होतो, आणि हा फरक लेखापरीक्षणात सापडेपर्यंत वर्ष उलटलेलं असतं. म्हणून या वेळी दार निव्वळ बंद करून भागत नाही. जुनी फाइल फक्त वाचता येईल अशी करून ठेवायची, तिची एक प्रत संस्थेबाहेर ठेवायची, डेस्कटॉपवरचे जुने शॉर्टकट तिन्ही संगणकांवरून काढायचे, आणि जुना प्रोग्रॅम चालेल असा एक संगणक जपून ठेवायचा. सभासद दहा वर्षांपूर्वीच्या कर्जाची पावती मागायला येतो, त्याच्याकडचा कागद वाळवीने खाल्लेला असतो. त्याला ती मिळाली पाहिजे.